गोताची यादी

एखाद्या जुन्या घराण्याने कुलसंमेलन भरवावयाचे ठरविले, म्हणजे पहिल्या बैठकीत जागा कोणती, जेवणाची व्यवस्था कोणाकडे, वर्गणी किती, असे प्रश्न निघतात आणि ते थोड्याबहुत वादाने सुटतातही. न सुटणारा प्रश्न दुसऱ्या बैठकीत निघतो. निमंत्रणे कोणाकोणास धाडावयाची? लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुली व त्यांची मुले घराण्यात धरावयाची की नाहीत? दत्तक गेलेल्याची शाखा कोणाची मानावयाची? तीन पिढ्यांपूर्वी भांडून वेगळा झालेला, परजातीत लग्न केलेला, धर्म बदललेला, यांची नावे वहीत कोणी घालावयाची? गाव बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की मडगाव असो. कार्यवाहाची लेखणी या ठिकाणी अडल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. गोमंतकात तो सुमारे पाचशे वर्षे लेखी स्वरूपात उभा आहे. तेथे मोठी घराणी एकत्र कशी येत, त्यांचा पाहुणचार कोण करी, खर्च कसा वाटला जाई, याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. गोतमेळा चार खांबांवर उभा असे: ठरलेले स्थान, ठरलेला दिवस, यजमानपणाची पाळी आणि माणसांची यादी. यांपैकी पहिल्या तिहींची बांधणी आपल्या पूर्वजांनी इतकी पक्की केली होती की, आजही तिच्यात फारशी भर घालता येणार नाही. चौथा खांब मात्र पहिल्यापासूनच आखूड राहिला.

प्रथम स्थानाचा विचार करू. गोव्यात गोत जमण्याचे पहिले ठिकाण म्हणजे वडिलार्जित मोठे घर. मध्ये तुळशीवृंदावनाचे राजांगण, सभोवती सोपे व खोल्या, आणि एका छपराखाली अनेक चुली, अशी त्याची रचना असे. भाऊ विभक्त झाले, शेते वाटली गेली, तरी देवघर एकच राही. चवथीस, म्हणजे गणेशचतुर्थीस, मुंबईचा चाकरमाना, बेळगाव-धारवाडकडचा व्यापारी, घाटावर गेलेला शिक्षक, सारे त्या देवघरासमोर येत. गणपती सर्वांचा एक; त्यासाठी घराण्यात निमंत्रणपत्रिका निघत नसे. दिवस पंचांगाने ठरविलेला आणि जागा पूर्वजांनी ठरविलेली, तेथे निमंत्रण कशाचे?

तरी काम कमी नसे. अनेक घराण्यांत उत्सवाची पाळी शाखाशाखांकडे आळीपाळीने जाई. ज्याची पाळी, त्याने मूर्तिकाराकडे वेळेवर पाट पोचवावयाचा, माटोळीसाठी रानातली व बागेतली फळे, कंदमुळे आणि वेली जमवावयाच्या, नारळ मोजून घ्यावयाचे, तांदूळ पायलीने मापून ठेवावयाचे, भटजींस सांगावयाचे. खतखते, नेवऱ्या, हळदीच्या पानांतील पातोळ्या, आळसाण्याची उसळ, हा पाकाचा बेत बहुधा न बदलणारा. त्यामुळे किती माणसांस किती सामान लागेल, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना तोंडपाठ असे. पाळीचा मोठा गुण असा की, तिच्यामुळे कोणी कायमचा यजमान नसे व कोणी कायमचा पाहुणाही नसे. या वर्षी जो पंगतीत बसला, त्यास पुढे केव्हातरी वाढावयाचे आहे, हे ठाऊक असल्याने जेवणातील उणीव काढताना जीभ आवरली जाई.

दुसरे स्थान कुलदेवतेचे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा बेट जिंकले. १५४३ मध्ये साष्टी व बार्देश हे प्रांत कायमचे त्यांच्या ताब्यात आले. पुढे देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या देवता नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. हा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ साली, आणि तोपर्यंत नव्या जागी देवस्थाने स्थिर झालेली होती.

देव हलला तशी माणसेही हलली. कोणी कारवारकडे, कोणी मंगळूर-कोचीकडे, कोणी कोल्हापूर-बेळगावकडे गेले. कुटुंबे अशी फुटली असता त्यांना एकत्र आणण्याचे काम कुलदेवतेच्या जत्रेने केले. कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीस, मंगेशीची माघी पौर्णिमेस. मूळ गाव सुटले तरी दिवस सुटला नाही. देवळाभोवती ज्या अग्रशाळा बांधलेल्या दिसतात, त्या या गोतमेळ्यांच्या खऱ्या साक्षी होत. दूरच्या कुळाव्याने बायकामुलांसह यावे, त्या खोल्यांत उतरावे, अभिषेक करावा, प्रसादाच्या पंगतीस बसावे, आणि शेजारच्या खोलीत कोणाचे कुटुंब उतरले आहे याची चौकशी करावी. त्या चौकशीतून चुलत घराण्यांचा शोध लागे, सोयरिकी जुळत आणि कधी कधी जुने दावेही मिटत. पाहुण्यांच्या निवासाची सोय आधी आणि समारंभ नंतर, हा क्रम अग्रशाळा बांधणाऱ्यांनी ओळखला होता.

तिसरे स्थान गाव. गोव्यातील गावकरी, जिला पुढे पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले, ती संस्था म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक मालकी होय. ही घराणी वांगडांत विभागलेली असत. वांगड म्हणजे एका मूळ पुरुषापासून आलेल्या मानल्या गेलेल्या लोकांचा गट. १५२६ साली आफोन्सो मेशिया याने गावकारांच्या रूढी नोंदवून घेतल्या. तो दस्तऐवज फोराल या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची एकोणपन्नास कलमे आहेत. शेतसारा, लिलाव, वारसा या रूक्ष विषयांबरोबर त्यात विड्याचाही विषय आहे. सभेत विडा किंवा पासोडी द्यावयाची झाल्यास पहिली कोणास आणि त्यानंतर कोणास, हा क्रम लिहून ठेवावा लागला. मानपानाचा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दप्तरात जावा, इतका तो गावात नाजूक असला पाहिजे. ज्यांनी कधी संमेलनातील सत्कारांची यादी केली आहे, त्यांना या कलमाचे नवल वाटणार नाही.

गावकरीचे उत्पन्न सारा व गावखर्च भागून उरे, ते गावकारांत वाटले जाई. त्या वाट्यास जोण म्हणतात. जोण मिळण्यासाठी नाव वहीत असावे लागे, आणि गावागावाच्या नियमाप्रमाणे ठरावीक वयाचा पुरुष वंशज असेल त्याचेच नाव वहीत चढे. मुलीचे नाव चढत नसे. फोरालच्या काळी तर वारसाही पुत्राकडेच जाई. देवळांच्या महाजनांची नामावली हीसुद्धा परंपरेने पुरुष वंशजांचीच राहिली. १९३३ च्या नियमावलीने महाजनसंस्थेस जे कायदेशीर रूप दिले, त्याने ती चौकट अधिकच घट्ट केली.

याद्या अशा का झाल्या, हे समजणे कठीण नाही. प्रत्येक यादीमागे काहीतरी वाटप होते: कोठे पैसा, कोठे मान, कोठे मतदानाचा हक्क. वाटप असले म्हणजे वाटेकरी मोजके असावेत, असे प्रत्येकास वाटते. गोताची यादी म्हणून जी समजली जाई, ती वस्तुतः हक्कदारांची यादी होती. चवथीच्या नेवऱ्या तळणाऱ्या हातांचे नाव तीत नव्हते. घराच्या आवारात राहणारा मुंडकार मांडव घाली, पाणी भरी, नारळ उतरवी. त्याचेही नाव तीत नव्हते. मुंडकाराला त्याच्या राहत्या घराविषयी कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले ते १९७५ साली.

येथे स्वाभाविकपणे प्रश्न येतो की, वाटावयाचे काही उरलेच नाही तर गोताचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर साष्टीतील कुंकळ्ळी या गावाने दिले आहे, आणि ते उत्तर रक्ताच्या किमतीने मिळालेले आहे.

१५६७ साली साष्टीतील देवळांचा मोठ्या प्रमाणावर विध्वंस झाला. कुंकळ्ळी व शेजारच्या गावांनी सारा नाकारला आणि नव्या सत्तेस व तिच्या धर्मप्रचारास विरोध केला. १५ जुलै १५८३ रोजी, गावात चर्चसाठी जागा पाहावयास आलेले रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार जेझुइट सहकारी तेथे मारले गेले. सोबतचे काही ख्रिस्ती लोकही पडले. हेच आक्वाविवा काही काळ आधी अकबराच्या दरबारी राहून आले होते. त्यानंतर गावच्या मुख्य गावकारांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावण्यात आले आणि तेथे त्यांना ठार करण्यात आले. गावची जमीन गावकरीच्या हातून काढून पोर्तुगीज सरदाराकडे गेली. देवी शांतादुर्गा फातर्प्यास नेली गेली. गावात पुढे चर्च झाले आणि वांगडांतील काही घराणी ख्रिस्ती झाली, काही हिंदू राहिली.

म्हणजे या गावी जोण वाटावयास उत्पन्न राहिले नाही आणि सर्वांना एकत्र बांधणारा धर्मही एक राहिला नाही. नावेसुद्धा एक राहिली नाहीत. कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव घेण्याची चाल असल्याने सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी होऊ शकत. कोणत्याही हिशेबाने पाहिले तरी ही घराणी परस्परांस कायमची परकी व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. होळीनंतरच्या पंचमीस फातर्प्याची देवी पालखीतून आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीस येते. तिच्याबरोबर वांगडांच्या बारा छत्र्या असतात, गुलाल उधळला जातो, आणि त्या वाटेवर हिंदू गावकारांबरोबर त्याच वांगडांतील ख्रिस्ती गावकारही येतात. लोक या सोहळ्यास छत्रोत्सव म्हणतात. ख्रिस्ती गावकार दुसऱ्या दिवशी आपल्या चर्चमध्ये जातो आणि हिंदू गावकार आपल्या देवळात. उपासनेत कोणी कोणाची सरमिसळ करीत नाही. परंतु छत्री कोणाची, हे विचारले तर दोघेही एकाच पूर्वजाकडे बोट दाखवितात. १५८३ च्या त्या दिवसांतील मृतांपैकी काहींना चर्चने १८९३ साली धन्य घोषित केले, काहींचे स्मारक गावाने उभारले. एकाच गावाला दोन्ही मृतांची आठवण वाहावी लागते, आणि ते ओझे वर्षातून एक दिवस गुलालाखाली हलके होते.

ख्रिस्ती गोमंतकीयांचा स्वतःचा गोतमेळा म्हणजे गावचे फेस्त. त्याचीही बांधणी पाहण्याजोगी आहे. संरक्षक संताचा दिवस ठरलेला. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. आदल्या संध्याकाळी प्रार्थना. आणि फेस्ताच्या दिवशी मिरवणूक, मोठा मिस्सा व घरोघर जेवण. सान्ना, सोरपोतेल, शागुती आणि शेवटी बेबिंक यांची तयारी आठवडाभर आधी सुरू होई. फेस्ताचे यजमानपण कॉन्फ्रारिया या बंधुमंडळाकडे असे, आणि अनेक गावांत त्याचा अध्यक्ष पाळीने नेमला जाई. चवथीची पाळी आणि फेस्ताची पाळी यांतील साम्य योगायोगाचे नव्हे. एकाच गावकरीच्या सवयी दोन्ही अंगणांत टिकून राहिल्या. दोषही टिकले. कित्येक गावांत कॉन्फ्रारियाचे सभासदत्व गावकार घराण्यांपुरते राखले गेले, आणि एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांना मिरवणुकीतील झग्याच्या मानावरून वर्षानुवर्षे तंटावे लागले. येथेही तंटा यादीचाच होता.

एकोणिसाव्या शतकात गोवेकर मोठ्या संख्येने मुंबईस जाऊ लागले: खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून. धोबी तलावाच्या आसपास गावागावाच्या लोकांनी कूड स्थापिले. कूड म्हणजे एका गावच्या माणसांचे सामाईक बिऱ्हाड. तेथे प्रत्येकाची पेटी भिंतीशी ठेवलेली, समोर वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावयाची. गावचे फेस्त जवळ आले आणि जहाजाची नोकरी आड आली, तर तेच फेस्त कूडात साजरे व्हावयाचे. गाव सुटलेल्या माणसाने स्थान बदलले. दिवस, पाळी व यादी मात्र त्याने आपल्या पेटीत घालून बरोबर नेली.

या मेळ्यांचे मोल किती, हे १९५५ साली कळून आले. गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला, भारत व पोर्तुगीज गोवा यांमधील रेल्वे वाहतूक बंद पडली आणि सरहद्द ओलांडणे परवान्याचे व संकटाचे काम झाले. मुंबई, बेळगाव, कारवार येथील गोवेकरांना आपल्या घरच्या चवथीस किंवा फेस्तास जाणे दुरापास्त झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तोपर्यंत मधल्या सहा वर्षांत जी मुले जन्मली, त्यांना आजी-आजोबांचे दर्शन घडले नव्हते, आणि जी वडील माणसे गेली, त्यांच्या उत्तरक्रियेस मुलगे पोचले नव्हते. पुढच्या वर्षी मोठ्या घरांची दारे उघडली तेव्हा पंगतीतील पाटांची संख्या पुन्हा नव्याने मोजावी लागली.

आता यादीच्या उणिवेकडे पुन्हा वळले पाहिजे. कारण गोव्याच्या इतिहासातच तिचा उतारा आहे. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या हुकुमाने अपवाद मिळाले, तरी मालमत्तेच्या वारशात मुलगा व मुलगी यांना समान मानणारे तत्त्व त्या कायद्याने गोव्यात आणले. त्यामुळे विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. गावकरीच्या वहीत व महाजनांच्या नामावलीत जिचे नाव नव्हते, तीच मुलगी वडिलार्जित घराची कायदेशीर भागीदार होती. मालमत्तेच्या वाटणीचे प्रकरण न्यायालयात गेले की, सर्व वारसांची नावे, विवाहित मुलींसह, नोंदवावी लागत. गोताची खरी पूर्ण यादी प्रेमाने कधी झाली नाही, ती अशी न्यायालयात झाली. आज कित्येक मोठी घरे कौले ढासळून पडीक आहेत. कारण त्यांचे भागीदार चार खंडांत पसरलेले, आणि दुरुस्तीला संमती देण्यापुरतेही त्यांना कोणी एकत्र आणलेले नाही. गोतमेळा ही केवळ हौस नव्हे, हे त्या पडक्या भिंती सांगतात.

कुलसंमेलन भरविणाऱ्यांनी म्हणून पहिले सहा महिने यादीसाठी द्यावेत. साधने पुष्कळ आहेत. घाटावरील घराण्यांना नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे सापडतात. ख्रिस्ती घराण्यांना चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी उपयोगी पडतात. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला, आणि गोव्यातील बऱ्याच जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. या चर्चच्या वह्यांचा एक विशेष हा की, त्यांत मुलीचे नाव मुलाच्या नावाइतक्याच ठळकपणे येते. छापील कुलवृत्तांत ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्यांतील 'कन्या' या शब्दापुढे जेथे ओळ संपते, तेथून पुढे शोध चालवावा. आणि कोणतीही वही उघडण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे. कोणाचे कोठे दिले, कोणाचा संसार मोडला, कोण रागावून गेला आणि का गेला, हे ती जाणते. हक्कदारांच्या यादीत तिला जागा नव्हती, म्हणूनच बहुधा वगळलेल्यांची यादी तिने मनात जपलेली असते.

यादी झाली म्हणजे बाकीची घडी जुन्यांनी घालून दिलेली आहेच. दिवस असा धरावा की तो दरवेळी नव्याने ठरवावा लागू नये. जागा शक्यतो मूळ गावची असावी. पडके घर असले तरी त्याच्या अंगणात एक तास तरी सर्वांनी उभे राहावे. वर्गणी शाखांवर न बसविता मिळवत्या माणसांवर बसवावी, म्हणजे गरीब शाखेस लाजून दूर राहावे लागणार नाही. यजमानपण पाळीने फिरवावे, आणि त्या पाळीत मुलींची घरेही यावीत. जेवणात सर्वांना चालेल असा बेत करावा. मृतांचे स्मरण करताना हिंदूंनी आपली व ख्रिस्ती असतील त्यांनी आपली प्रार्थना म्हणावी. दुसऱ्याने त्या वेळी स्तब्ध उभे राहणे पुरेसे आहे. ज्यांच्या कष्टावर घर उभे राहिले, त्या जुन्या मुंडकारांच्या व कामकऱ्यांच्या कुटुंबांस पंगतीचे आमंत्रण असावे, आणि ते वाढावयास नव्हे, तर बसावयास असावे.

आजच्या संमेलनात जोण वाटावयाची नसते, देवळाचा हक्क ठरवावयाचा नसतो, मतदान घ्यावयाचे नसते. वाटप नसल्यामुळे नावे वगळण्याचे कारणही उरलेले नाही. कुंकळ्ळीच्या गावकारांपाशी चारशे वर्षांपूर्वी वाटावयास काही उरले नाही, तेव्हाही त्यांनी छत्र्या खाली ठेवल्या नाहीत. कार्यवाहाची लेखणी एखाद्या नावापाशी अडेल तेव्हा त्याने त्या बारा छत्र्या आठवाव्या आणि ते नाव लिहावे.